मिशनच्या युनिव्हर्सिटीत बीएस्सी केमिस्ट्री: १६.५, १६.५, १६.५

बारावीचा रिझल्ट लागला की दरवर्षी कुणा ना कुणाचा फोन येतोच, दादा तू ते बंगलोरला मिशनच्या युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री केलंस ना, कसं आहे, घेऊ का. प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. युनिव्हर्सिटीचं नाव नाही लिहिणार, कारण पुढे जो घोळ सांगणारे तो माझा मी घातलेला आहे.

आधी घरच्यांचा प्रश्न उरकून टाकू. आम्ही मिरजेचे. डॉ. वानलेस यांनी १८९० च्या दशकात उभं केलेलं मिशन हॉस्पिटल आमच्या गावचंच, माझ्या वडिलांचा जन्म तिथलाच, त्यामुळे आजी एवढंच म्हणाली की मिशनवाले शिस्तीचे असतात, जाऊ दे, जरा वळण लागेल. शेजारच्या काकूंना मात्र फार काळजी, पोरगं गळ्यात क्रॉस घालून येतंय की काय. नाही हो काकू. सकाळी स्पीकरवर दोन मिनिटं प्रार्थना, आठवड्यातनं एक व्हॅल्यू एज्युकेशनचा तास (त्यात निम्मी पोरं झोपतात), डिसेंबरात कॅरोल आणि केक, बास. बॅचमधे मल्याळी, नागा, मारवाडी, तमिळ सगळे, मराठी मी एकटा. चॅपलमधे कुणी बोलवत नाही आणि गेलात तर कुणी हाकलतही नाही, मी परीक्षेच्या आधी जाऊन बसायचो कारण हॉस्टेलमधे तेवढी शांतता कुठंच नव्हती.

खरा त्रास वेगळाच असतो, गणपती. गणेश चतुर्थीची एक सुट्टी, दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून रात्रभर प्रवास करून मिरजेला यायचं, आरती करायची, जेवायचं आणि परत त्याच संध्याकाळच्या गाडीत बसायचं. गौरी जेवायच्या दिवशी तुम्ही बंगलोरच्या हॉस्टेलमधे सांबार ओतून घेत असता. एक दिवस जास्त राहावं म्हटलं तर अटेंडन्स, आणि अटेंडन्स म्हणजे आपल्याकडच्यासारखं शेवटी प्यूनला भेटून होणारं काम नाही, तिथं कॉम्प्युटर बोलतो. ॲडमिशनच्या आधी किती टक्के लागतात आणि मेडिकल सर्टिफिकेट चालतं का हे लेखी विचारून घ्या.

दहावीपर्यंत मराठी मीडियम असेल तर पहिले तीन महिने डोक्याचा भुगा होतो. मला संयुजा माहिती, क्षपण माहिती, उदासिनीकरण माहिती, आणि अकरावी-बारावी इंग्लिशमधे घोकून पास झालो तरी विचार डोक्यात मराठीतच चालायचा. मॅडमनी रिडक्शन म्हटलं की मी आधी मनात क्षपण म्हणायचो, मग समजायचं, तोवर मॅडम पुढच्या स्लाइडवर. दिवाळीपर्यंत जातं ते. खरंच जातं, त्यासाठी रडू नका, मी रडलोय म्हणून सांगतोय.

आता मुख्य गोष्ट. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

पहिल्या सेमला टायट्रेशन चालू होतं (ब्युरेट म्हणजे खुणांच्या काचेच्या नळीतनं एक सोल्युशन दुसऱ्यात थेंब थेंब सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती मिली लागलं ते वाचायचं, तेच रीडिंग), सोडियम हायड्रॉक्साइड आणि ऑक्झॅलिक ॲसिड, बारावीला केलेलंच. माझी रीडिंग आली १२.३, १२.७, १२.४. सरांनी बघितलं, म्हणाले कॉन्कॉर्डंट नाहीत, म्हणजे एकमेकांशी जुळत नाहीत, परत कर. साडेचार वाजलेले, बाकीचे जर्नल सही करून निघालेले, कँटीनचा वास येतोय. शेजारी एक सेकंड इयरचा रिपीटर होता, त्यानं माझ्या कागदाकडं बघितलं आणि हसून म्हणाला, स्वल्प अडजस्ट माडी. बंगलोरला राहिलात की हे वाक्य दिवसातनं दहा वेळा कानावर पडतं, बसमधे सीटवर सरकायला, रिक्षात सुट्टे नसले की, सगळीकडे. थोडं ॲडजस्ट करा. मी केलं. १२.४, १२.४, १२.४. सरांनी सही केली, वर गुड लिहिलं.

त्या गुडची हवा माझ्या डोक्यात गेली.

दुसऱ्या महिन्यात मी तिसरं टायट्रेशन करायचं बंद केलं. दुसऱ्या सेमपर्यंत दुसरंही. एकदाच करायचं, आलेला आकडा तीन वेळा लिहायचा, अर्ध्या तासात मोकळा. वर्गात हे खपतं कारण सगळ्या बॅचला बाटली एकच असते, आकडा चुकला तरी शेजाऱ्याचा बघून कळतं, आणि सीनियर्सची जर्नलं पीडीएफ करून फिरतातच. मित्र म्हणायचे तुझा हात फार साफ आहे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, हे लिहिताना आत्ता पण लाज वाटते.

युनिव्हर्सिटी प्रॅक्टिकलला बाटली एक नसते. आमच्याकडे प्रत्येकाला १०० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमधे वेगवेगळं मापून सोल्युशन देतात, ते तुम्ही डिस्टिल्ड वॉटरनं खुणेपर्यंत भरायचं, त्यातनं २०-२० मिली पिपेटनं (ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) काढून टायट्रेट करायचं आणि एकूण किती ग्रॅम होतं ते सांगायचं. उत्तर फक्त एक्झामिनरच्या चिठ्ठीवर असतं. एरर एक टक्क्याच्या आत तर पूर्ण मार्क, मग खाली खाली, तीनच्या वर गेलात तर फक्त फॉर्म्युला लिहिल्याचे. शेजाऱ्याकडं बघून उपयोग नाही, त्याचं आयर्न वेगळं, तुमचं वेगळं.

मला आलं परमँगनेटनं आयर्न एस्टिमेट करायचं, म्हणजे सोल्युशनमधे लोखंड किती ते काढायचं. सोपं. इंडिकेटर (कुठं थांबायचं ते रंगानं दाखवणारा) नको, जांभळं परमँगनेट स्वतःच इंडिकेटर, डायल्युट सल्फ्युरिक घालायचं (हायड्रोक्लोरिक नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडलाच खातं, हे व्हायवाला, तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात), थंडच करायचं, फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. रंग गडद म्हणून रीडिंग वरच्या मेनिस्कसचं, म्हणजे द्रवाच्या वाकलेल्या पातळीच्या वरच्या कडेचं घ्यायचं. हे सगळं मला पाठ. ब्युरेट भरली, शून्यावर आणली, एक टायट्रेशन केलं, १६.५ आलं. सवयीनं लिहिलं १६.५, १६.५, १६.५. कॅल्क्युलेशन केलं, पेपर दिला, ॲप्रनची बटणं काढायला लागलो.

एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजातल्या एक सिस्टर आल्या होत्या, नन, करड्या रंगाचा झगा आणि वर लॅबकोट, चष्मा दोरीला. त्या माझा पेपर घेऊन टेबलापाशी आल्या. पेपरकडं बघितलंच नाही. माझा स्टँडर्ड फ्लास्क उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, हाऊ मच इज लेफ्ट?

आता तुम्हीच हिशोब करा. १०० मिली. तीन वेळा २० म्हणजे ६० गेले. पिपेट धुवायला चार-पाच गेले. राहायला पाहिजेत पस्तीस. माझ्या फ्लास्कात पाऊणशे होते. दोन वर्षं मी आकडे ॲडजस्ट केले आणि उरलेलं सोल्युशन सिंकमधे ओतायची अक्कल एकदाही आली नाही, कारण वर्गात कुणी फ्लास्क उचलून बघितलाच नव्हता.

त्या ओरडल्या नाहीत. कर म्हणाल्या, आत्ता, माझ्यासमोर. हात थरथरत होते, पिपेटमधे दोनदा हवा घेतली. आलं १५.९. परत करायला लावलं. १५.९. मी नुसता बघत बसलो, ०.६ गेलं कुठं? त्यांनी पेनानं ब्युरेटच्या तोटीवर टिचकी मारली. भरल्यावर मी स्टॉपकॉकच्या, म्हणजे ब्युरेटच्या चावीच्या, खालच्या तोटीतली हवा काढलीच नव्हती. पहिल्या वेळी तो बुडबुडा सुटून गेला आणि त्याची रिकामी जागा भरायला ०.६ मिली परमँगनेट गेलं, फ्लास्कात न पडता ते माझ्या रीडिंगमधे पडलं. १५.९ वर ०.६ म्हणजे पावणेचार टक्के. दुसरं टायट्रेशन केलं असतं तर तिथंच कळलं असतं, पहिलं सोडून दिलं असतं, तिसरं करून पूर्ण मार्क घेऊन घरी गेलो असतो. तीन रीडिंग कशासाठी घेतात हे मला दोन वर्षं टायट्रेशन करून माहिती नव्हतं. मला वाटायचं नियम आहे म्हणून.

मार्क पेपरवर लिहिलेल्या आकड्याचेच दिले. प्रॅक्टिकलला जेमतेम पास. एवढ्यानं एमएस्सीचं एक चांगलं ॲडमिशन टक्केवारीत हुकलं, आणि घरी मी सांगितलं की एक्स्टर्नल खडूस होती. वडिलांना आजही तेच माहिती आहे.

म्हणून सांगतो, ब्युरेट भरली की शून्य बघायच्या आधी स्टॉपकॉक एकदा पूर्ण उघडा, धार जोरात जाऊ द्या, तोटी उजेडात बघा, मग शून्यावर आणा. आणि १२.३, १२.७, १२.४ आली तर १२.३, १२.७, १२.४ च लिहा. सर ओरडतील. ओरडू देत. १२.७ का आलं हे शोधण्यातच केमिस्ट्री आहे, थेंब जास्त पडला, पिपेटची टोकं धुतली नाही, मान वाकडी करून रीडिंग घेतलं, काहीतरी असतंच.

आमच्या लॅबमधे अटेंडंट अण्णा होते, त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझा हात धरून स्टॉपकॉक फिरवायला शिकवलं होतं, निधान, निधान म्हणत, म्हणजे हळू हळू. डावा हात ब्युरेटच्या मागनं वळसा घालून, उजव्यानं फ्लास्क हलवायचा. प्रोफेसरांपेक्षा अशा माणसांच्या मागं लागा असं माझं स्पष्ट मत आहे. मेंटॉर सगळ्यांना मिळतो तिथं, महिन्यातनं एकदा फॉर्म भरून घेतात, हाऊ आर यू कोपिंग विचारतात, चांगली माणसं असतात पण तुमची रीडिंग ते बघणार नाहीत. गोड बोलून लगेच सही देणारे सर नकोत, परत कर म्हणणारे हवेत. पहिल्या वर्षी हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. आणि लेक्चर दुप्पट स्पीडवर बघणाऱ्यांना मला एक विचारायचंय, रिॲक्शन मेकॅनिझमचा बाण कुठनं कुठं गेला हे तुम्हाला दिसतं तरी का? वहीत स्वतः काढल्याशिवाय ऑरगॅनिक येत नाही. पाठ केलेल्या नेम रिॲक्शन्स फेब्रुवारीपर्यंत उडून जातात.

फेब्रुवारी म्हणजे जॅम, एमएस्सीची एंट्रन्स. आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यातले २० प्रश्न नुसते आकडा टाइप करायचे, समोर पर्यायच नसतात, त्यामुळे उत्तराकडनं उलटं येऊन ॲडजस्ट करणाऱ्यांची तिथं पंचाईत होते (माझी झाली). पण त्या २० ला निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा घाबरून रिकामे सोडू नका. बारावीला मॅथ्स सोडलं असेल तर कुठल्या इन्स्टिट्यूटला ते लागतं हे ब्रोशरमधे आधीच बघा.

मी शेवटी साध्या युनिव्हर्सिटीतनं एमएस्सी केली आणि आता एका फार्मा कंपनीत क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) आहे, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजायच्या मशीनवर बसतो. वाईट चाललेलं नाही, बोईसर-तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे, केमिस्ट्रीवाल्याला महाराष्ट्रात अजून काम आहे, पगार सुरुवातीला कमी वाटतो आणि रात्रपाळी असते पण वाढतो. मात्र जॉइन झाल्याच्या पहिल्याच दिवशी ट्रेनिंगमधे काय शिकवलं माहितीये? डेटा इंटिग्रिटी. जे बघितलं ते, ज्यानं बघितलं त्यानं, बघितल्या क्षणी, पेननं लिहायचं. खोडायचं असेल तर एक रेघ, सही, तारीख, कारण. हातावर किंवा चिठ्ठीवर रीडिंग लिहून नंतर रजिस्टरमधे उतरवलं तरी प्रकरण होतं, न घेतलेलं रीडिंग लिहिलं तर नोकरी जाते. माझ्याबरोबर जॉइन झालेल्या एकाची गेली, तोही हुशार होता, त्याचाही हात साफ होता.

तेव्हा मला आमचे केमिस्ट्रीचे फादर आठवले. दरवर्षी फर्स्ट इयरला ते एकच गोष्ट सांगायचे, ऑक्सिजन शोधणारा प्रिस्टली हा पाद्री होता, १७७४, आणि हे सांगताना स्वतःचीच कॉलर नीट करायचे, मग आम्ही हसायचो. पुढचं आम्ही ऐकायचोच नाही, की स्वीडनच्या शेलेनं त्याच्या आधी ऑक्सिजन काढला होता, पण त्याचं छापून यायला १७७७ उजाडलं. फादर म्हणायचे, डेट युअर नोटबुक्स. आम्हाला वाटायचं जर्नलच्या कोपऱ्यातल्या तारखेच्या रकान्याबद्दल बोलताहेत.

असो. जायचं ठरलं असेल तर लॅबकोट कॉटनचाच शिवून न्या, टेरिकॉट नको, आग लागली की अंगाला चिकटतो, मिरजेत शिवलेला तिथल्या कँपस स्टोअरपेक्षा स्वस्त पडला होता मला. दोन शिवा, एक परमँगनेटनं तपकिरी होणारच आहे. डाग पडलाच तर थोडं ऑक्झॅलिक ॲसिड लावा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवा, जातो.