जुन्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विसरलात? लगेच फॉरमॅटला हो म्हणू नका

दिवाळीची साफसफाई निघाली की माझ्याकडे जुने कॉम्प्युटर यायला लागतात. कऱ्हाडात मी एमएस-सीआयटीचे वर्ग घेते, त्यामुळे एके काळी वर्गात माउस धरायला शिकलेली माणसं आज सीपीयू रिक्षात घालून दारात उभी राहतात. "मॅडम, चालू होतोय, पण पासवर्ड मागतोय." आत बारशाचे फोटो असतात, सोसायटीचे हिशेब असतात, आजोबांनी टाइप केलेली घराण्याची वंशावळ असते. आणि बहुतेकांना कुठल्यातरी दुकानात एकच उत्तर मिळालेलं असतं: फॉरमॅट मारावा लागेल. या उत्तराचा मला मनापासून राग येतो, कारण पासवर्ड विसरला म्हणून फॉरमॅट करायची वेळ क्वचितच येते.

कारण साधं आहे. विंडोजचा पासवर्ड हा लॉगिनपुरता असतो. हार्ड डिस्कवरच्या फायली त्याने बंद होत नाहीत. फायली खऱ्या अर्थाने कुलूपबंद करायची सोय, म्हणजे एन्क्रिप्शन, विंडोज एक्सपीच्या होम एडिशनमध्ये किंवा विंडोज 7 च्या होम प्रीमियममध्ये नव्हतीच. प्रोफेशनल एडिशनमध्ये होती, पण घरात ती कुणी मुद्दाम चालू केलेली मी फारशी पाहिलेली नाही. तेव्हा मन घट्ट करा आणि क्रमाने जा.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं स्वतःच्या किंवा घरच्या मशीनसाठी आहे. कॉम्प्युटर वारलेल्या माणसाचा असेल तर घरातल्या सगळ्यांना विचारून मगच हात लावा. ऑफिसच्या लॅपटॉपला तर लावूच नका.

पासवर्ड नेमका कोण मागतंय?

विंडोजचा लोगो यायच्या आधीच पासवर्ड मागितला तर तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डवर चालणाऱ्या प्रोग्रामचा. डेस्कटॉप असेल तर वायर काढून मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सीआर2032 सेल थोडा वेळ बाहेर ठेवला, किंवा शेजारचा क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसच्या सेटिंग्ज पुसायची, दोन पिना जोडणारी छोटी टोपी) वापरला, की जुन्या बोर्डांवर तो सहसा जातो. लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड बऱ्याचदा वेगळ्या चिपमध्ये असतो आणि सेल काढून काही होत नाही. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला खरेदीची पावती दाखवणं बरं. विंडोज सुरू होऊन नाव आणि चित्र दिसलं, तर पुढे वाचा.

आधी कीबोर्ड तपासा

हे मी सगळ्यात आधी करते. कॅप्स लॉक तर बघाच, छोट्या लॅपटॉपवर नम लॉकही बघा. तो चालू असेल तर जे, के, एल या अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे मराठी कीबोर्ड. एक निवृत्त गुरुजी छातीठोकपणे सांगत होते, पासवर्ड बरोबरच आहे. मी त्यांना टाइप करायला लावलं. ठिपके मोजले, तेवढेच. मग विंडोज 7 च्या लॉगिन पडद्यावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात पाहिलं, तर तिथे इंग्रजीच्या 'ईएन'ऐवजी 'एमआर' दिसत होतं. पुतण्याने मराठी टायपिंग चालू करून देताना तोच डीफॉल्ट करून ठेवला होता, आणि गुरुजींचं प्रत्येक अक्षर ठिपक्यांआड देवनागरीत जात होतं. त्या खुणेवर क्लिक करून इंग्रजी निवडलं आणि पहिल्याच फटक्यात आत. विंडोज 10 मध्ये ही खूण उजवीकडे खाली असते.

त्यानंतर हिंट बघा. एक्सपीत नावाशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की दिसते, विंडोज 7 मध्ये एकदा चुकीचा पासवर्ड दिला की खाली येते. हिंट वाचताना आज काय आठवतं याचा विचार नको, ती लिहिली त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते आठवा. तेव्हाची गाडी, तेव्हाचा लँडलाइन नंबर, भाड्याच्या घराचं नाव. असे बरेच पासवर्ड माझ्यासमोर निघालेत.

एक्सपी असेल तर मागचं दार

एक्सपी बसवताना 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नावाचं एक खातं आपोआप तयार होतं. रोजच्या पडद्यावर ते दिसत नाही, आणि घरगुती मशीनवर त्याला बहुतेक वेळा पासवर्डच दिलेला नसतो. होम एडिशनमध्ये तिथे फक्त सेफ मोडमधून, म्हणजे मोजक्याच गरजेच्या गोष्टी घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमधून, जाता येतं. मशीन चालू केल्याबरोबर, विंडोजचा लोगो यायच्या आत, एफ8 दाबत राहा आणि यादीतून सेफ मोड निवडा. प्रोफेशनल असेल तर स्वागताच्या पडद्यावर कंट्रोल-आल्ट-डिलीट दोनदा दाबा. जुन्या पद्धतीची चौकट येते, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे नाव इंग्रजीत टाका, पासवर्ड रिकामा ठेवा आणि एंटर करा.

एफ8 लागू पडत नसेल तर कीबोर्डकडे बघा. जुन्या बोर्डांवर यूएसबी कीबोर्ड इतक्या लवकर जागा होत नाही. मी जांभळ्या गोल पिनेचा एक पीएस/2 कीबोर्ड खास यासाठी जपून ठेवलाय.

आत गेलात की कंट्रोल पॅनल, युजर अकाउंट्स, आपलं खातं, पासवर्ड बदला. काम झालं. व्हिस्टापासून पुढे हे लपलेलं खातं मुळात बंदच ठेवलेलं असतं, त्यामुळे विंडोज 7 वाल्यांनी इथे वेळ घालवू नये. मात्र घरात दुसऱ्या कुणाचं अ‍ॅडमिन खातं चालू असेल, तर त्यात शिरून वरच्याच रस्त्याने तुमचा पासवर्ड बदलता येतो. असा बाहेरून पासवर्ड बदलला की त्या खात्यात साठवलेले वेबसाइटचे पासवर्ड जातात, आणि फायली एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर त्याही उघडत नाहीत. फोटो आणि हिशेबांना काही होत नाही.

विंडोज 10 लाही आता जुन्यातच धरायला हवं, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. तिथे ईमेलने लॉगिन होत असेल तर पासवर्ड मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बदला आणि मग मशीन इंटरनेटला जोडून नवा टाका. ईमेल नसलेलं साधं खातं असेल तर चुकीच्या पासवर्डनंतर रीसेटचा पर्याय येतो आणि तीन प्रश्न विचारले जातात. ही सोय 2018 च्या अपडेटपासून आहे.

काही जमलं नाही तर आधी डेटा बाहेर काढा

इथे घाई नको. पासवर्ड पुसणारे प्रोग्राम वापरायच्या आधी फायली सुरक्षित करा. जुनी डिस्क कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

हार्ड डिस्क काढा आणि यूएसबी कन्व्हर्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. रुंद, चपटी पट्टी असेल तर आयडीई, अरुंद कनेक्टर असेल तर साटा. कन्व्हर्टर दोन्हींना चालणारा घ्या, आणि डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कसाठी त्याला स्वतःचा पॉवर अडॅप्टर हवाच. एक्सपीत फायली सी ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'मध्ये तुमच्या नावाखाली असतात, विंडोज 7 मध्ये 'युजर्स'मध्ये. परवानगी नाही असा निरोप आला तर कंटिन्यू म्हणा, तुमच्या मशीनवर तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर बहुतेक वेळा फोल्डर उघडतं. डिस्क काढायची भीती वाटत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरूनच चालणारी दुसरी सिस्टिम, चालू करा. ते काही इन्स्टॉल न करता चालतं आणि विंडोजच्या परवानग्या मानत नाही.

मराठी घरांसाठी एक गोष्ट कळकळीने सांगते: विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' हे फोल्डरसुद्धा कॉपी करा. त्या काळातलं मराठी टायपिंग युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे दिसणाऱ्या देवनागरीत, नसायचं, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असायचं. तो फॉन्ट नसेल तर वंशावळीची फाइल उघडेल, पण समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. फाइल खराब झाली असं समजून लोक ती डिलीट करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पासवर्ड पुसणं

डेटा हाताशी आला की 'ऑफलाइन एनटी पासवर्ड अँड रजिस्ट्री एडिटर' या फुकट सीडीकडे वळा. एक्सपी आणि 7 वर मला हीच भरवशाची वाटते. सीडीवरून मशीन चालू करा, विंडोज असलेलं पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडा आणि पुढे बहुतेक ठिकाणी नुसतं एंटर दाबत जा. खात्यांची यादी येते, कुठलं अ‍ॅडमिन आहे ते शेजारच्या रकान्यात दिसतं. नाव मराठीत असल्यामुळे नीट दिसत नसेल तर त्याचा क्रमांक टाका. मग 1 दाबून पासवर्ड रिकामा करा. नवा पासवर्ड इथे देऊ नका, रिकामाच करा, नवा विंडोजमध्ये गेल्यावर द्या. शेवटी बदल लिहू का असं विचारतं आणि तिथे आधीपासून 'नाही' धरलेलं असतं. 'वाय' दाबायचं राहिलं तर सगळी मेहनत वाया. मशीन हायबरनेटमध्ये, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून झोपलेलं, असताना हे करू नका.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर मात्र डिस्क काढून जोडणं किंवा पासवर्ड पुसणं यातलं काहीच चालत नाही. तिथे 48 अंकी रिकव्हरी की लागते, ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का बघा.

पुन्हा अडायला नको म्हणून

रोजच्या कामाला साधं खातं ठेवा, अ‍ॅडमिनचं वेगळं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद रेशनकार्ड, विम्याच्या कागदांसोबत कपाटात ठेवा. घरच्या मशीनला याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पडद्याला चिकटवू नका, आणि हिंटमध्ये पासवर्डच लिहू नका.

याशिवाय युजर अकाउंट्समधून पासवर्ड रीसेट डिस्क बनवा. एक्सपीच्या काळात फ्लॉपीवर व्हायची, विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हवर होते. त्यावर एकच छोटी फाइल तयार होते. नंतर पासवर्ड कितीही वेळा बदललात तरी ती चालते, मात्र फक्त त्याच खात्याला. ज्याच्या हाती हा पेनड्राइव्ह त्याच्या हाती तुमचं खातं, म्हणून तोही कपाटातच.

एक्सपीला 8 एप्रिल 2014 पासून आणि विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सपोर्ट नाही. कितीही पक्का पासवर्ड दिलात तरी ही मशीन इंटरनेटला जोडू नका. आणि भंगारात द्यायची वेळ आली तर हार्ड डिस्क आधी काढून घरात ठेवा. चार स्क्रू असतात.