पाय प्लास्टरमध्ये असताना वजन कसं आवरायचं

पायाला प्लास्टर चढलं की गावातले लोक भेटायला येतात आणि कोणीच रिकाम्या हाताने येत नाही. बिस्किटांचे पुडे, नारळ, पेढे, कोणाच्या घरचा डब्यातला शिरा. आलेल्या प्रत्येकासाठी चहा मांडला जातो आणि त्यातला एक कप खाटेवरच्या माणसालाही मिळतो. मी दारव्हा तालुक्यातली शेतकरी बाई. ऐन श्रावणात ओल्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाय घसरला आणि करंगळीच्या मागचं लांब हाड मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. त्या काळात वजन जागेवर ठेवायला मला जे उपयोगी पडलं, ते शेतात राबणाऱ्या माझ्यासारख्या बायकांसाठी आणि घरच्या पुरुषांसाठीही लिहिते आहे.

आधी हिशेब समजून घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या आकड्यांप्रमाणे ५५ किलो वजनाच्या बाईला कष्टाचं काम असेल तर दिवसाला साधारण २७२० कॅलरी लागतात, बैठं काम असेल तर १६६०. निंदण-डवरणीच्या दिवसांतून थेट खाटेवर आलं की गरज हजार कॅलरींनी उतरते. भूक मात्र तितक्या लवकर उतरत नाही. वर्षानुवर्षं तीन भाकरी खाणारं पोट तीनच मागतं. शिवाय पाय बरा झाल्यावर प्रत्येक पावलाला अख्ख्या शरीराचा भार त्याच नाजूक हाडावर येणार असतो, म्हणून चार-पाच किलो वाढले तर ते पायालाच सोसावे लागतात.

तरी उपाशी राहू नका. हाड जुळायला प्रथिनं, कॅल्शियम आणि पुरेसं अन्न लागतंच. प्लास्टर आहे तोवर वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच लक्ष्य ठेवा. कमी करायचं ते नंतर, तेही आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही.

आता ताट. वरण पहिल्यांदा घट्ट करा. आमच्याकडे भातावर पातळ वरणाचं पाणी फिरवायची सवय आहे. त्यातून भात जास्त जातो आणि डाळ कमी. एक वाटी घट्ट तुरीच्या वरणात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. दोन वेळेचं वरण, दोन अंडी, मूठभर फुटाणे, कपभर दूध आणि दोन ज्वारीच्या भाकरी मिळून बेरीज पन्नास ग्रॅमच्या जवळ जाते. साठ किलोच्या निरोगी माणसाची रोजची गरज साधारण तेवढीच असते. हाड मोडलेल्याला थोडं जास्त लागतं, म्हणून वरून सोयाबीनच्या वड्यांची भाजी नाहीतर वाटीभर मोड आलेली मटकी घ्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका.

कॅल्शियमसाठी महाग डबे आणायची गरज नाही. परसातल्या शेवग्याचा पाला, नाचणी, तीळ आणि दूध-ताक यांत ते भरपूर असतं. शेवग्याच्या पाल्यात मुगाची डाळ घालून केलेली सुकी भाजी आमच्या घरी एक दिवसाआड होत होती. ज्वारीची भाकरी ठेवा, पण तीनच्या दोन करा आणि कमी झालेल्या भाकरीची जागा भाजीने भरा, म्हणजे पोट रिकामं वाटत नाही. जवसाची चटणी चांगली आहे, मात्र एक चमचा. तेलबियांत कॅलरी खूप असतात.

खरी कात्री तेलाला आणि साखरेला लावा. एक ग्रॅम तेल म्हणजे नऊ कॅलरी. तेलाची बरणी महिन्याच्या सुरुवातीला माणशी अर्ध्या किलोच्या हिशेबाने भरून ठेवायची आणि तेवढ्यातच भागवायचं. झुणका, वांग्याची भाजी, कढी सगळं त्यात होतं, फक्त तर्री तरंगत नाही. चहात दोन चमचे साखर असेल तर एका कपाला साखरेच्याच चाळीस कॅलरी होतात. भेटायला येणाऱ्यांच्या दिवसात असे सहा कप सहज पोटात जातात. माझ्या नणंदेने यावर चांगला तोडगा काढला. ती पाहुण्यांना चहा द्यायची आणि माझ्यासमोर ताकाचा पेला ठेवायची. “घे ना वं, आजारी माणसाले ताकद पाहिजे,” म्हणत कोणी शिऱ्याची वाटी पुढे केली, तर ती म्हणायची, “डॉक्टरनं मना केलं.” एवढं ऐकलं की गावात कोणी आग्रह करत नाही. घरात असं एक माणूस आधीच ठरवून ठेवा. खाटेवरच्या बाईने स्वतः नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं.

श्रावणातले उपवास या काळात सोडावेत, हे मी ठामपणे सांगते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि दाण्याचा कूट नि तूप घातलेली खिचडी साध्या जेवणापेक्षा जड पडते. सासूबाईंनी माझे सोमवार स्वतःकडे घेतले आणि मला म्हणाल्या, “देव पाह्यते सगळं, तू जेव.” पोळ्याला पुरणपोळी जरूर खा. एक खा, दुधाबरोबर खा, आणि त्या वेळी भात घेऊ नका.

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांना हात जोडून सांगते, निदान हाड जुळेपर्यंत तो बंद ठेवा. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि हाडाला रक्त कमी पोचतं. रिकाम्या बसण्यात खर्रा वाढतो, हे आपल्या गावागावांत दिसतं.

व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. खोलगट खाटेवर तो होत नाही, टणक दिवाण नाहीतर जड लाकडी खुर्ची लागते. खुर्चीत ताठ बसून एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या खांद्यापासून वर उचला, मग पुढे हवेत ठोसे मारा. तीन मिनिटं ठोसे, एक मिनिट विश्रांती, असं चार-पाच वेळा. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका दम लागला की जोर बरोबर आहे. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढा, पाठ आणि दंड दोन्हींना काम मिळतं. कुबड्यांवर चालायला तीच ताकद कामी येते.

आडवं पडून प्लास्टरचा पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचला, पाच आकडे मोजा, हळू ठेवा. हे केलं नाही तर मांडी वाळते आणि प्लास्टर निघाल्यावर चालताना गुडघा लटपटतो. मग चांगला पाय दुमडून, त्याच्यावर जोर देऊन कंबर उचला. प्लास्टरची बोटं दिवसभर हलवत राहा. पायाखाली दोन उशा ठेवून तो छातीपेक्षा उंच ठेवला की सूज उतरते. बसल्या-बसल्या डाळ निवडणं, शेंगा सोलणं ही कामं मागून घ्या. त्याने फार कॅलरी जळत नाहीत, पण हात गुंतलेले असले की डब्याकडे जात नाहीत.

पोटरी दुखून सुजली, एकदम धाप लागली, बोटं निळी किंवा बधिर झाली, प्लास्टरमधून वास आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठा. साखरेच्या आजाराच्या माणसाने बोटांकडे रोज पाहावं.

वजन करताना दर आठवड्याला त्याच काट्यावर, कोणाचा तरी आधार जवळ ठेवून, चांगल्या पायावर उभं राहा. प्लास्टरचं वजन त्यात धरलं जातं, म्हणून आकड्यापेक्षा फरक पाहा. काटा नसेल तर कमरेला टेप लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या आत असावी.

प्लास्टर निघाल्यावर पाय किती टेकवायचा ते डॉक्टर सांगतात. तोच काटा इथे परत कामाचा. दहा किलो भार द्यायला सांगितला असेल तर कुबड्यांवर उभं राहून दुखरा पाय काट्यावर ठेवा आणि काटा दहावर येईपर्यंतच दाबा. दोन-चार दिवसांत पायाला अंदाज येतो. बसून जमिनीवरचा टॉवेल बोटांनी गोळा करा, घोटा वर-खाली आणि गोल फिरवा. जुन्या जड सायकलचं मागचं स्टँड लावलं की चाक अधांतरी होतं. पुढचं चाक भिंतीला टेकवून आणि कोणाला तरी हँडल धरायला लावून जागेवर पायडल मारा. त्यात पायावर चालण्यापेक्षा खूप कमी भार येतो आणि चांगला घाम निघतो. टाच किंवा तळव्याचा मध्य पायडलवर ठेवा, बोटं नकोत.

चालणं सिमेंटच्या सपाट गल्लीतून सुरू करा, कडक तळाचे बंद बूट घालून. धुरा आणि ओली काळी माती शेवटी. चिखल तळाला चिकटला की बूट जड होतो आणि पाय वाकडा पडतो. निंदणाला उकिडवं बसताना सगळा भार बोटांमागच्या हाडांवर येतो, म्हणून शेतातलं ते काम सगळ्यात उशिरा घ्या. कापूस वेचणी उभ्याने होते, ती आधी चालेल. मात्र कमरेची ओटी भरत आली की तिचं वजनही पायावरच असतं. ती अर्धी झाली की गाठोड्यात रिकामी करून यायचं, फेऱ्या वाढल्या तरी चालेल.