प्रिंटर घेताना शाईचा हिशोब आधी

परभणीत आमच्या घरी पहिला प्रिंटर आला तो स्वस्त होता म्हणून. काम तरी काय, लेकरांचे प्रोजेक्ट, सातबारा, आधारच्या झेरॉक्स. दुसरं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, घ्यायला गेले तेव्हा डोळे उघडले. म्हणून दुकानात आधी विचारा, शाई केवढ्याला आणि तिच्यात पानं किती? समजा कार्ट्रिज ८०० रुपयांचं आणि पानं १००, म्हणजे पानामागं ८ रुपये झाले. चौकातला झेरॉक्सवाला परवडला! टँकवाल्या प्रिंटरची (त्याच्या टाकीत बाटलीनं शाई ओततात) ४०० रुपयांची बाटली ४००० पानं देत असेल, तर पान १० पैशांत. मात्र कंपनीचा आकडा आयएसओ या जागतिक मानक संस्थेच्या ठरावीक नमुना पानांवर मोजलेला असतो. पानभर फोटो काढला की शाई कितीतरी जास्त जाते.

आमच्याकडं मे महिन्यात पारा ४० च्या वर. प्रिंटर बरेच दिवस नुसता पडून राहिला की हेडमधली, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागातली, शाई वाळते, अन् हेड क्लीनिंगला पुन्हा शाईच खर्ची पडते. मी आठवड्याला एक रंगीत पान काढतेच. बंद करते तेही प्रिंटरच्या बटणानं, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट बोर्डावरून बंद करू नका.

दुकानात जाताना आपला सातबारा सोबत न्या. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांवर, स्कॅन करायला लावा, बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे. छापलेल्या पानावर ओलं बोट फिरवून बघा. डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) पसरते, पिगमेंट (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) बरीच टिकते. अर्ज-दाखल्यांसाठी मी काळी पिगमेंटच घेईन.