छोट्या सेन्सरचे कॅमेरे पारखताना

लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची तुलना करताना पहिली फसगत नावांपासूनच होते. ‘एक इंच’ म्हणवणाऱ्या सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची) कुठलीही बाजू एक इंचाची नसते, तो १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्णही जेमतेम १६ मिलिमीटर भरतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेची नळी असे, तिच्या बाहेरच्या व्यासावरून हे माप पडले. नळी केव्हाच गेली, नाव तेवढे उरले. म्हणून आधी मिलिमीटरमधली मापे कागदावर मांडावीत. इतर दोन प्रचलित आकारांपैकी मायक्रो फोर थर्ड्सचा सेन्सर १७.३ × १३ आणि एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो. कॅननचा एपीएस-सी त्याहून किंचित लहान आहे.

यांची क्षेत्रफळे काढली की अनुक्रमे सुमारे ११६, २२५ आणि ३६७ चौरस मिलिमीटर मिळतात. म्हणजे एक इंचाकडून मायक्रो फोर थर्ड्सकडे गेल्यास जवळजवळ एक स्टॉपचा (म्हणजे दुप्पट प्रकाशाचा) फायदा होतो, पण तिथून एपीएस-सीकडे जाताना तो दोन तृतीयांश स्टॉपच्या आसपासच राहतो. या दुसऱ्या फरकाविषयी जेवढा वाद घातला जातो, तेवढा तो मोठा नाही, असे माझे मत आहे.

फुल फ्रेमचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कर्ण यांच्या कर्णाच्या जितका पट, तो क्रॉप फॅक्टर; तो अनुक्रमे २.७, २ आणि १.५ धरावा. त्याने फोकल लेन्थला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) गुणले की फुल फ्रेमच्या भाषेत दृश्याचा आवाका कळतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र डेप्थ ऑफ फील्डचा (पुढेमागे किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसते याचा) अंदाज घ्यायचा असेल, तर एफ-आकड्यालाही (हे लेन्सच्या छिद्राचे, म्हणजे अ‍ॅपर्चरचे माप; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे) त्यानेच गुणावे लागते, हे हमखास विसरले जाते. मायक्रो फोर थर्ड्सवरची २५ मिमी एफ/१.७ लेन्स ५० मिमीइतके दृश्य दाखवते, पण पार्श्वभूमी फुल फ्रेमवरील एफ/३.४ इतकीच धूसर करते. एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा उजेड) मात्र एफ/१.७ चेच राहते, त्यामुळे शटर स्पीड ठरवताना हा गुणाकार मध्ये आणू नये.

प्रत्यक्ष चाचणीसाठी मंद उजेडात पुस्तकांचे कपाट निवडावे, कारण त्यात बारीक अक्षरेही असतात आणि गडद सावल्याही. ट्रायपॉडवरून मायक्रो फोर थर्ड्सने २५ मिमी, एफ/२.८, आयएसओ (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) ८०० वर फोटो काढावा. मग त्याच जागेवरून, तोच शटर स्पीड ठेवून, एपीएस-सीने ३३ किंवा ३५ मिमी, एफ/४, आयएसओ १६०० वर काढावा. दोन्ही रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइली एकाच मापात आणून, म्हणजे समजा दोन्हींची लांब बाजू ३००० पिक्सेल करून, शेजारी शेजारी पाहाव्यात. शंभर टक्के मोठे करून पाहिल्यास तुलना सेन्सरच्या आकाराची न राहता पिक्सेलच्या आकाराची होऊन बसते. दोन्ही सेन्सर साधारण एकाच पिढीचे असतील, तर नॉइज (चित्रातले दाणे) आणि डेप्थ ऑफ फील्ड यांत फारसा फरक दिसणार नाही. मोठ्या सेन्सरचा लाभ मिळतो तो अ‍ॅपर्चर तेवढेच उघडे ठेवून कमी डेप्थ चालवून घेतली तर, किंवा स्थिर विषयाला सर्वांत कमी आयएसओवर जास्त वेळ एक्स्पोजर देता आले तर.

अ‍ॅपर्चर बारीक करतानाही हाच हिशेब लागू होतो. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) तपशील स्पष्टपणे मऊ पडू लागतो, मात्र हवी तेवढी डेप्थ बहुधा त्याआधीच मिळालेली असते.

शेवटी लेन्सची यादी आणि वजने मांडावीत. पक्ष्यांसाठी ६०० मिमीचा आवाका हवा असल्यास मायक्रो फोर थर्ड्सला ३०० मिमी पुरते, एपीएस-सीला ४०० लागते. शिवाय एपीएस-सीच्या अनेक माउंटवर (लेन्स बसवण्याच्या जोडांवर) लांब पल्ल्याच्या लेन्स फुल फ्रेमसाठीच घडवलेल्या असतात, तेव्हा बॉडी छोटी असली तरी पिशवी हलकी होत नाही. एक इंचाच्या बाबतीत तर लेन्सचीच अडचण आहे: २०११ मध्ये आलेली निकॉन १ मालिका २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे जुनी बॉडी स्वस्तात मिळाली तरी पुढच्या लेन्सही वापरलेल्याच शोधाव्या लागतात.