मृगाआधी बोकड बदला

पाऊस पडून ई-क्लासच्या (गावच्या सरकारी चराईच्या) पडीत जमिनीवर हिरवे फुटले की बकऱ्या भराभर माजावर येतात. गेल्या पावसाळ्यातलाच बोकड यंदाही चालवायचा असेल, तर आधी तारखा मांडून पाहा. १५ जूनला फळलेली बकरी सुमारे १५० दिवसांनी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विते. त्या वितातली पाठ (तरुण मादी) सहा-सात महिन्यांत माज दाखवते, म्हणजे ऐन मृगात. कळपात तेव्हा बोकड कोण? तिचा बापच.

बाप-लेकीच्या पिलात अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचे प्रमाण, २५ टक्के, सख्ख्या भावंडांच्या पिलातही तेवढेच; सावत्र भावंडांत १२.५. 'आपला कळप मोठा आहे, काही होत नाही' हा समज महागात पडतो. २५ बकऱ्यांवर एकच बोकड आणि पुढेही घरचीच पैदास, असे चालले तर दर पिढीला अंतःप्रजननात सुमारे १३ टक्क्यांची भर पडते, आणि त्या १३ पैकी साडेबारा एकट्या बोकडामुळे. बकऱ्या ५० केल्या तरी आकडा जवळपास तोच. बिननात्याचे दोन बोकड ठेवले की तो निम्म्यावर येतो.

अंतःप्रजनन वाढले की पिले हलकी जन्मतात, दूध ओढत नाहीत, मरतूक वाढते, बकऱ्या उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात). जबडा जुळत नाही किंवा बोकडाचे एकच अंड उतरलेले असते; असा नर पैदाशीला नकोच. मात्र बकऱ्या गाभडत असतील तर नात्याला दोष देण्याआधी पशुवैद्यकाकडून ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या जंतूची) रक्ततपासणी करून घ्या.

नवा बोकड आठवडी बाजारातून आणू नका. त्याची आई-बाप कोण, हे तिथे कोणी सांगत नाही. शेजाऱ्याशी अदलाबदल करताना त्याचा बोकड तुमच्याच जुन्या बोकडाचा मुलगा नाही ना, हे विचारा. आपल्याकडे हे नेहमी घडते. दोन बोकड घ्यायचे तर दोन वेगळ्या कळपांतून घ्या. जात बदलायची गरज नाही. शिंगांच्या बुडापासून नाकापर्यंत दोन्ही बाजूंनी पट्टे असलेला बेरारी (विदर्भातल्या जातीचा) बोकड आपल्या उन्हाला आणि कुटाराला (वाळल्या चाऱ्याच्या भुशाला) सरावलेला असतो. आणल्यावर २१ दिवस वेगळा बांधा, जंतनाशक द्या, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस झाली नसेल तर टोचून घ्या. म्हणजे खरेदी मेच्या मध्यालाच उरकायला हवी.

बोकड खरोखर बिननात्याचा असेल तर त्याच्या पहिल्याच पिलांत अंतःप्रजनन शून्यावर येते. आई स्वतः नात्यातल्या पैदाशीची असेल, तर तिचे दूध मात्र कमीच राहू शकते.

खरा घोळ करतात ते ईदसाठी राखलेले नर. चार महिन्यांचा नरही बकरी भरवू (गाभण करू) शकतो. म्हणून तीन महिन्यांना नर वेगळे करा किंवा खच्ची करून घ्या. पाठी १०-१२ महिन्यांच्या झाल्यावरच भरवा. गावाच्या बकऱ्या एकत्र चरत असतील तर बोकडाच्या पोटाखाली पोत्याचा पडदा बांधा, नाहीतर कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि वहीतला बाप दोन्ही खोटे ठरतात.