रोमला विद्यार्थ्यांचा गट नेताना: नावे, वार आणि बूट

इतिहासाच्या पंचवीस-तीस विद्यार्थ्यांना घेऊन पाच-सहा दिवसांसाठी रोमला जायचे ठरले की घरोघरी सर्वांत आधी बॅगांची चर्चा सुरू होते. सोबत जाणाऱ्या शिक्षकाने मात्र सुरुवात हजेरीपटापासून करावी. आपल्या महाविद्यालयांच्या हजेरीपटावर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, तर नाव आणि वडिलांचे नाव बहुधा दुसऱ्या रकान्यात एकत्र असते, आणि काहींच्या पासपोर्टवर त्या रकान्यात वडिलांचे नावच नसते. शिवाय जोशी, कुलकर्णी सहज सुटतात, पण ज्ञानेश्वर किंवा ऋतुजा ही नावे रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिली जातात, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे स्पेलिंग पासपोर्टवर असेलच असे नाही. विमानाचे तिकीट, व्हिसाचा अर्ज, विम्याची पॉलिसी आणि कलोसियमचे तिकीट या चारही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव लागते. कलोसियमची तिकिटे ऑक्टोबर 2023 पासून नावानिशी दिली जातात आणि दारावर ओळखपत्राशी ताडून पाहिली जातात. म्हणून प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्वच्छ प्रत मागवून तिच्यावरून एकच यादी करावी, त्या यादीवर प्रत्येकाकडून आपले नाव अक्षर न् अक्षर तपासून सही घ्यावी, आणि पुढची सगळी आरक्षणे फक्त त्याच यादीवरून करावीत. आमच्या एका सहलीत हे काम दोघांनी दोन वेगळ्या याद्यांवरून केले होते. त्याची किंमत एका विद्यार्थिनीला विमानतळावर दीड तास रडवेले उभे राहून मोजावी लागली.

यादी हाती असतानाच पासपोर्टच्या तारखाही पाहून घ्याव्यात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो वैध राहावा आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावीत. पंधरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो, त्यामुळे शाळेत असताना काढलेला पासपोर्ट ऐन महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी संपत आलेला आढळतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. परंतु निर्णयाला कधी पंचेचाळीस दिवसही लागू शकतात, म्हणून गटाने निदान तीन महिने आधी व्हिसा अर्ज केंद्रावरच्या वेळा मिळवाव्यात. बोटांचे ठसे द्यावे लागत असल्याने प्रत्येकाला स्वतः जावे लागते. एकाने सर्वांचे कागद नेऊन चालत नाही. प्रौढांसाठी शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे. बोनाफाइड प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे ना हरकत पत्र, खर्च करणाऱ्या पालकांची बँक विवरणपत्रे व आयकर विवरणपत्रे, आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासविमा हे कागद एकाच क्रमाने लावलेली प्रत्येकाची वेगळी फाइल करावी. ज्यांना अठरा पूर्ण झालेली नाहीत त्यांच्यासाठी आई आणि वडील या दोघांचे संमतिपत्र लागते, आणि दोघांपैकी एक जण परगावी नोकरीला असेल तर त्याची सही मिळवण्यातच आठवडा जातो.

आता वारांचा तक्ता. रोममध्ये पाहण्याची ठिकाणे कोणती, हे कोणीही सांगेल. ती कोणत्या वारी पाहता येत नाहीत हे मात्र आपणच कागदावर मांडावे लागते. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती दुपारपर्यंत विनामूल्य उघडी असतात आणि त्या दिवशीची रांग पाहून विनामूल्य या शब्दाचा अर्थ बदलतो. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर सेंट पीटरच्या चौकात जाहीर भेट असते आणि तिथल्या बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, जाणे दुपारपर्यंत अडते. बोर्गेझे कलादालन सोमवारी बंद असते, इतर दिवशी तिथे आरक्षणाशिवाय प्रवेश नाही आणि आरक्षण दोन तासांचेच मिळते. बर्निनीच्या अपोलो आणि डॅफ्नी या शिल्पापुढे कोणी अर्धा तास थांबला तर उरलेले दालन दीड तासात उरकावे लागेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात, म्हणूनच गटाने त्या दिवशी कलोसियमच्या वाटेला जाऊ नये. अनेक चर्च दुपारी बारा-साडेबाराला बंद होऊन तीन-चारला उघडतात. सान लुइजी देई फ्रांचेझी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रे एक पैसा न देता पाहायला मिळतात, तिथे दुपारी एक वाजता पोहोचून बंद दार पाहणारे गट काही कमी नसतात. हे सगळे सात रकान्यांच्या एका कागदावर मांडले, की कोणत्या दिवशी काय, हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

सहल दिवाळीच्या सुट्टीत असेल तर तक्त्यात उजेडाचाही रकाना असावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात, भारताशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते आणि नोव्हेंबरात रोमचा सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. त्यामुळे फोरम (प्राचीन रोमचा मध्यवर्ती चौक) आणि पॅलाटाइन टेकडीसारखी उघड्यावरची ठिकाणे सकाळी ठेवावीत आणि संध्याकाळ त्रेव्ही कारंजे किंवा नव्होना चौकासाठी राखावी. नोव्हेंबर हा तिथल्या पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे, तेव्हा छत्री हवीच. एरवी पावसाला नावे ठेवणाऱ्यांनाही पँथिऑन या प्राचीन रोमन देवळात तो पाहावासा वाटेल, कारण सम्राट हेड्रियनच्या काळातल्या त्या 43.3 मीटर व्यासाच्या घुमटाला मधोमध सुमारे नऊ मीटरचे उघडे छिद्र आहे, त्यातून पाणी सरळ फरशीवर पडते आणि फरशीतल्या भोकांतून वाहून जाते. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना उजेड भरपूर मिळेल, पण त्यांनी 1 मेला व्हॅटिकनची संग्रहालये बंद असतात हे लक्षात ठेवावे.

तिकिटांच्या बाबतीत एक गैरसमज आधी दूर करावा. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांना इटलीच्या सरकारी स्थळांवर दोन युरोंत प्रवेश मिळतो, पण ही सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे ओळखपत्र कितीही दाखवले तरी ती मिळत नाही. अठरा पूर्ण न झालेल्यांना मात्र राष्ट्रीयत्व न पाहता विनामूल्य प्रवेश असतो, म्हणजे प्रथम वर्षातल्या काहींचे पैसे वाचतात, तरी त्यांचीही तिकिटे आरक्षित करावीच लागतात. याउलट व्हॅटिकनच्या संग्रहालयांत विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा दर आहे, म्हणून वैध आणि इंग्रजी मजकुराचे ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवे. कलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन यांच्या एकत्रित तिकिटांची विक्री सुमारे तीस दिवस आधी सुरू होते. व्हिसासाठी कार्यक्रमपत्रिका त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते, तेव्हा त्या पत्रिकेत कलोसियमचा दिवस लिहिताना त्याच आठवड्यात एक पर्यायी दिवसही मोकळा ठेवलेला बरा.

इतिहासाच्या गटासाठी आणखी एक तयारी आहे आणि ती महाराष्ट्रातच करायची आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे. ती ब्रह्मपुरीच्या 1944-45 च्या उत्खननात सापडली आणि भूमध्य समुद्राकडून व्यापारातून इकडे आली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली आहे, आणि तिच्याशी जवळचे नाते सांगणारी मूर्ती 1938 साली थेट पाँपेईच्या अवशेषांत सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, रोममध्ये ती शोधत बसू नये. कोल्हापूर आणि तेर या दोन ठिकाणांची एक-दोन दिवसांची सहल आधी केली, तर फोरमच्या टोकाला मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकाखाली (ही बॅसिलिका चर्च नव्हे, रोमन सभागृह) सम्राट डोमिशियनने बांधलेली मिरीची कोठारे होती, हे वाक्य विद्यार्थ्यांना पाटीवर वाचण्याआधीच कळेल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेला माल शेवटी कुठे उतरत होता, ते तिथे उभे राहून समजते. माझ्या मते रोमवरची दहा व्याख्याने एकीकडे आणि कोल्हापूरची ती वीतभर उंचीचीही नसलेली मूर्ती एकीकडे.

सामानाविषयी मोजकेच सांगतो. रोमचे जुने रस्ते काळ्या बसाल्टच्या छोट्या चिऱ्यांचे आहेत, त्यांच्यावर ट्रॉलीबॅगेची चाके तुटतात आणि पातळ तळव्याच्या चपलांतून पाय सोलवटतात. बूट नवे घ्यायचे असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी घेऊन रोज घालावेत. जमल्यास पूर्ण गटाने दोन रविवारी एखादा गड चढून यावा, कारण रोममध्ये दिवसाला पंधरा किलोमीटर चालणे सहज होते आणि सेंट पीटरच्या घुमटाला लिफ्ट न घेता गेल्यास 551 पायऱ्या आहेत. व्हॅटिकनमध्ये मुलामुलींचे खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, म्हणून त्या दिवशी पूर्ण विजार आणि एक ओढणी किंवा उपरणे पिशवीत असावे. चाकू, कात्री, काचेची बाटली आणि मोठी सॅक या गोष्टी सुरक्षा तपासणीत अडतात. पाण्याची रिकामी बाटली मात्र प्रत्येकाकडे हवी: शहरभर नासोनी नावाचे दोन हजारांहून अधिक सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात, त्यांचे पाणी पिण्याचे आहे, आणि तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून कारंज्यासारखी धार येते. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तिथे बहुधा बसतो. आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, त्याला अडॅप्टर लागतो.

खाण्याच्या पिशवीत कायद्याची एक अडचण आहे, ती पालकांच्या सभेत स्पष्ट सांगावी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, म्हणजे तुपाची बरणी, पेढे आणि बर्फी घरीच राहिली पाहिजेत. कढीपत्त्याची जुडी आणि मे महिन्यातले हापूसही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. तेलातला चिवडा, चकली, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यांना अडचण नसते. तिथे मिळणाऱ्या अन्नात शाकाहारींना पिझ्झा आणि पास्ता भरपूर असला, तरी कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. रोमच्या काचो ए पेपे या पास्त्यात घालतात ते पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या विरजणाने केलेले असते, आणि सुप्ली नावाच्या तळलेल्या भाताच्या गोळ्यात बऱ्याचदा मांसाचा रस्सा असतो. चीजशिवायचा मारिनारा पिझ्झा सर्वत्र मिळतो, पण त्यात लसूण असतो, त्यामुळे जैन विद्यार्थ्यांची व्यवस्था वेगळी बोलून ठेवावी. उपाहारगृहाच्या बिलात पाने, म्हणजे पावाचा, माणशी आकार लावलेला दिसला तर ती फसवणूक समजू नये, तो तिथला रिवाज आहे; कोपेर्तो या नावाने आकार लावण्यास मात्र रोम ज्या लात्सिओ विभागात आहे तिथे मनाई आहे. हॉटेलात माणशी दर रात्रीचा नगरकर वेगळा भरावा लागतो, तो एकूण खर्चात आधीच धरावा.

शहरात फिरताना साध्या तिकिटावर शंभर मिनिटे बस-ट्राम बदलता येते, मेट्रोत मात्र एकदाच जाता येते, आणि तिकीट यंत्रात उमटवले नसेल तर ते हातात असूनही दंड होतो. इटलीत वाहतुकीचे संप अधूनमधून होतात आणि बहुधा आधी जाहीर होतात; शोपेरो, म्हणजे संप, हा शब्द सर्वांना शिकवून ठेवावा आणि परतीचा दिवस कोणत्याही संपाच्या तारखेशी ताडून पाहावा, कारण फ्युमिचिनो विमानतळ ते तेर्मिनी स्थानक हा रेल्वेने 32 मिनिटांचा प्रवास संपाच्या दिवशी टॅक्सीने करायचा तर तीस जणांना सात-आठ टॅक्सी लागतात. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी 64 क्रमांकाची बस खिसेकापूंसाठी ओळखली जाते. तिच्यात चढायचेच असेल तर सॅक पोटावर घ्यावी. स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास 2019 पासून मनाई आहे आणि त्यासाठी दंड होतो, तेव्हा दमलेल्या गटाला टेकण्याची जागा तिथे नाही, हे गृहीत धरूनच तो दिवस आखावा.

मूळ पासपोर्ट कोणी जवळ ठेवायचे यावर मतभेद आहेत. ते शिक्षकाने एकत्र ठेवू नयेत असे मला वाटते, कारण एक पिशवी गेली तर सगळा गट अडकतो. ज्याचा त्याने गळ्यातल्या पाकिटात, शर्टाच्या आत ठेवावा आणि रंगीत प्रत वेगळ्या खिशात. तो हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावरच्या भारतीय दूतावासात जावे. तातडीच्या मदतीचा क्रमांक 112 आहे. नेहमीची औषधे चालू असणाऱ्यांनी ती मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीही हातातल्या बॅगेत न्यावीत.

शेवटी मोजणी. सहा-सहाचे गट करून प्रत्येकाला एक प्रमुख द्यावा, प्रमुखाने फक्त आपले पाच मोजावेत, आणि एका शिक्षकाने पुढे तर दुसऱ्याने सर्वांत मागे चालावे. मेट्रोत निम्मा गट चढला आणि दारे मिटली, तर आत गेलेल्यांनी पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे यायचे, मागे फिरायचे नाही, हा नियम मुंबईच्या लोकलमध्ये एकदा प्रत्यक्ष करून पाहावा. तक्त्याचा कागद, हॉटेलचा पत्ता आणि गटप्रमुखाचा क्रमांक यांची छापील प्रत प्रत्येकाच्या खिशात असावी, कारण संध्याकाळी पाचपर्यंत फोटो काढून काढून निम्म्यांचे मोबाइल बंद पडलेले असतात.