थिकनरमधला बेड मोजताना या चुका टाळा

गोव्यातला लोहखनिज धुण्याचा प्लांट असो की आणखी कुठला, थिकनरची, म्हणजे पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या गोल टाकीची, तक्रार एकच: स्क्रीनवर बेड (तळाशी साचलेल्या गाळाचा थर) अगदी कमी आणि खाली रेक (गाळ मध्याकडे ओढणारा फिरता हात) गाळात रुतलेला. मग अल्ट्रासोनिक मीटर (ध्वनिलहरींनी गाळाचा माथा शोधून, भरलेल्या खोलीतून बेडची जाडी काढणारा) बदलतात. पण मीटर बहुतेक वेळा खरंच सांगत असतो, त्याला भरवलेला आकडा खोटा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भिंतीलगतची खोली मीटरमध्ये भरणं. थिकनरचा तळ मध्याकडे उतरत जातो. समजा व्यास 30 मीटर, उतार सहाला एक, आणि सेन्सर भिंतीपासून 7.5 मीटर आत आहे. तिथे तळ भिंतीपेक्षा 1.25 मीटर खोल असतो. भिंतीशी 3 मीटर, तर सेन्सरखाली 4.25. गाळाचा माथा पाण्याखाली 2.75 मीटरवर असेल, तर खरा बेड दीड मीटर, आणि मीटर दाखवतो 25 सेंटिमीटर! रात्रपाळीचा ऑपरेटर ते बघून ‘बेड जमू दे’ म्हणत अंडरफ्लो पंप (तळातला घट्ट गाळ बाहेर काढणारा) मंद करतो. गाळ घट्ट होतो, टॉर्क (रेक फिरवायला लागणारा जोर) चढतो, रेक वर उचलावा लागतो, तरी पंप मंदच. शेवटी रेक फिरवणारा ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि पाण्याचे फवारे मारून टाकी मोकळी करायची वेळ येते. ड्रॉइंग काढा, सेन्सरखालची खोली हिशेबाने काढा आणि टाकी रिकामी होईल तेव्हा टेप लावून पडताळा. सेन्सरचं तोंड पाण्यात जेवढं बुडलंय तेही धरा. तापमानाच्या मागे मात्र लागू नका: पाणी 20 अंशांवरून 35 वर गेलं तरी 3 मीटरला फरक जेमतेम 8 सेंटिमीटर.

दुसरी चूक याच्या उलट. फ्लॉक्युलंटचा (बारीक कण एकत्र चिकटवून खाली बसवणाऱ्या रसायनाचा) डोस बिघडला की घट्ट बेडवर हलक्या गाळाचा ढग तरंगतो. मीटर त्याचाच माथा बेड समजतो, ऑपरेटर पंप वाढवतो आणि पातळ स्लरी बाहेर पडते. पंपाला हात लावण्याआधी अंडरफ्लोची घनता बघा आणि तळाला झडप असलेली पारदर्शक नळी बुडवून ढग कुठे संपतो ते पाहा. नळी हळू सोडा. घाईत सोडली की गाळ ढवळतो. ‘मीटर आहे ना’ म्हणून हे टाळणाऱ्यांना पॅनेलवर बसवू नये. पाळीला एकदा तरी नळी बुडवायचीच.

सेन्सर फीडवेलजवळ (टाकीच्या मध्यात जिथून स्लरी आत येते तिथे) नको, बुडबुडे प्रतिध्वनी खातात. रेकचा हात खालून जाताना उडी मारणारं रीडिंग फिल्टरने वगळा. सेन्सरचं तोंड दर आठवड्याला पुसा. तळातला दाब वाढतोय आणि बेडचा आकडा हलत नसेल, तर आधी नळी बुडवा, मग फ्लॉक्युलंटच्या नॉबला हात लावा.